मदत हवी आहे : हिशेबनीस येण्याआधी वर्षभराचे कागद कसे लावून ठेवावेत?

नमस्कार. सांगलीजवळ माझा आणि माझ्या जाऊबाईंचा कांदा-लसूण मसाला आणि हळद पूड तयार करण्याचा छोटा उद्योग आहे. उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेल्यामुळे जीएसटीची नोंदणी घेतलेली आहे. विवरणपत्रे कर सल्लागार भरतात. मी त्यांना दर महिन्याला विक्रीचा आकडा कळवते आणि खरेदीच्या बिलांचे फोटो पाठवते. आयकराचे विवरणपत्र आजवर अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा धरून) भरले जात असल्याने रोजचा जमाखर्च कोणी लिहिलाच नाही. आता दळणाचे नवे यंत्र घेण्यासाठी कर्ज मागितले, तेव्हा बँकेने एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक मागितले. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस येणारे हिशेबनीस ठरवले आहेत. ते पुढच्या महिन्यात काम सुरू करतील.

दोन वर्षांपूर्वीही एका गृहस्थांकडे हे काम दिले होते. तेव्हा मी सगळे कागद पिशवीत भरून त्यांच्या स्वाधीन केले आणि ज्या रकमेचा उलगडा होईना ती त्यांनी सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा होईपर्यंत रकमा ठेवण्याच्या तात्पुरत्या खात्यात, टाकली. काम अर्धवट सुटले, तेव्हा त्या खात्यात पावणेतीन लाख रुपये पडून होते, आणि त्यातले निम्मे कशाचे हे तोवर मलाही आठवेना. तसे पुन्हा होऊ नये, ही माझी मनापासूनची धडपड आहे.

सध्याची स्थिती अशी आहे. बिले एका पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यातल्या डिझेलच्या आणि टेम्पोभाड्याच्या पावत्यांवरची शाई इतकी उडाली आहे की उजेडात तिरप्या धरल्याशिवाय आकडा दिसत नाही. उधारीची वही जाऊबाई नीट लिहितात. चालू खाते ऑक्टोबरमध्ये उघडले, पण त्याआधीचे सहा महिने दुकानदारांचे पैसे, मुलाची कॉलेजची फी आणि सासूबाईंची औषधे असे सगळे माझ्या एकाच बचत खात्यातून झाले. धाकट्या दिरांनी मधल्या काळात दीड लाख रुपये बँकेतून पाठवले होते, तेही त्याच खात्यात आहेत.

मी स्वतः टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकून नोंदी करायला बसावे, की फक्त कागद लावून ठेवावेत? आणि सुरुवातीची शिल्लक कुठून धरायची?

प्रतिसाद :

ताई, मी गेली अनेक वर्षे लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहितो, म्हणून आग्रहाने सांगतो की टॅलीच्या नादी आत्ता लागू नका. कागदावर जे आहे ते हिशेबनीस लिहून काढतील. कागदावर जे नाही आणि फक्त तुम्हाला ठाऊक आहे, तेवढे तुम्ही लिहून द्या. बचत खात्याचे एप्रिलपासूनचे उतारे छापून घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलने दोन शब्द लिहा : ‘मिरची, शेतकरी’, ‘घरखर्च’, ‘दिरांकडून उसने’. घरखर्चाच्या रकमा धंद्याच्या खर्चात न जाता तुमच्या भांडवल खात्यातली उचल (मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे) म्हणून जातील, आणि दिरांची रक्कम विक्रीत न मिसळता देणे म्हणून दिसेल. ती बँकेतून आली हे चांगले झाले, कारण २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे उसने रोखीने घेणे नातलगांकडूनही कायद्यात बसत नाही.

मिरचीच्या पैशांसमोर विकणारा कोण हे आवर्जून लिहा. एका दिवसात एकाच व्यक्तीला १० हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. मात्र शेतमाल पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडूनच थेट घेतला असेल तर त्याला सवलत आहे, व्यापाऱ्याकडून घेतला असेल तर नाही. नुसते ‘मिरची’ लिहिले तर हा फरक सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येणार नाही. पुसट पावत्यांचे आजच फोटो काढा आणि मागे शाईने रक्कम व तारीख लिहा.

सुरुवातीची शिल्लक मनाने धरू नका. तुमचे मागील विवरणपत्र अनुमानित योजनेतले असले, तरी त्यात ३१ मार्च २०२५ रोजीचे येणे, देणे, मालाचा साठा आणि हातातली रोकड हे आकडे भरलेले असतात. नवीन वह्या त्यांच्याशी जुळल्या पाहिजेत, म्हणून त्याची प्रत वर ठेवा. त्याखाली जीएसटीची भरलेली सर्व विवरणपत्रे आणि दर महिन्याचे टू-बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारे खरेदीवरच्या कराचे पत्रक) ठेवा. विक्रीचा आकडा तुम्ही तोंडी कळवत होता, त्यामुळे बिलांची बेरीज त्याच्याशी जुळते का, हे हिशेबनीसांनी सर्वांत आधी पाहावे. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे एखादे क्रेडिट, म्हणजे वजावट, राहून गेले असेल, तर ते घेण्यासाठी पुढील ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते, तीही जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले नसेल तरच.

धागाकर्तीचे उत्तर :

दादा, मनापासून आभार. काल रात्री जाऊबाई आणि मी उतारे घेऊन बसलो. एप्रिल ते सप्टेंबरच्या २१८ ओळींपैकी १८७ ओळींचा उलगडा झाला. उरलेल्यांपैकी बहुतेक रकमा मोबाइलवरून लहान दुकानदारांनी पाठवलेल्या आहेत. त्या उधारीच्या वहीशी ताडून पाहत आहोत. एक शंका राहिली. आम्ही वर्षभराची मिरची फेब्रुवारी-मार्चमध्येच भरतो. ३१ मार्च २०२६ ला शीतगृहात ४० पोती होती, पण ती आम्ही साठ्यात मोजलेलीच नाहीत. ती धरायची का?

प्रतिसाद :

ती धरलीच पाहिजेत, ताई, आणि तुमच्या धंद्यात हाच आकडा सर्वांत मोठा ठरेल. खरेदी वह्यांत आली आणि पोती साठ्यात आली नाहीत, तर या वर्षी नफा नसल्यासारखा दिसेल आणि बँक कर्ज नाकारेल. पुढच्या वर्षी तीच मिरची विकली गेली की नफा फुगलेला दिसेल. शीतगृहाची पावती काढून ठेवा, कारण पोत्यांची संख्या, वजन आणि तारीख तिच्यावर असते. किंमत खरेदीच्या दराने लावा. ३१ मार्चला बाजारभाव त्याहून उतरलेला असेल तर तो कमी दर लावा. तयार मसाल्याची पाकिटे आणि रिकाम्या छापील पिशव्याही त्याच तारखेच्या हिशेबाने मोजाव्या लागतील. एप्रिलपासून आजपर्यंत जे विकले, जे भरले आणि जे दळले त्यावरून मागे जाऊन आकडा काढता येतो. दळणाच्या नोंदी आहेत ना तुमच्याकडे?

धागाकर्तीचे उत्तर :

आहेत. गिरणीवर काम करणाऱ्या मावशी रोज किती किलो दळले ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहितात. ती आजच उतरवून ठेवते.