घरी कपडे शिवणं आता परवडतं का? सातारा-सांगलीकरांनो, तुमचा हिशेब लिहा

शाहूपुरी, सातारा

घरात मशीन आहे, हातात कला आहे, मग विकत कशाला आणायचं, असं आमच्याकडे कायम म्हटलं जायचं. यंदा मुलीसाठी सुती पंजाबी ड्रेस शिवायला घेतला आणि सामानाची पावती जपून ठेवली. टॉप-सलवारीला मिळून पाच मीटर कापड, 140 रुपये मीटरनं 700. अस्तर दोन मीटर, 120. ओढणी 180. चेन, रीळ, लेस, कॅनव्हास मिळून 90. झाले 1,090 रुपये, तेही माझी मजुरी आणि लाइट बिल न धरता. राजवाड्याजवळ जवळपास तसाच तयार सेट 900 ला टांगलेला होता.

शिवण सोडायचा माझा अजिबात विचार नाही. पण पैसे नेमके कुठं जातात आणि कुठं अजून वाचतात, हे कळायला हवं. घरी काय शिवता, काय बंद केलंत, कापड कुठून आणता, ते आकड्यांसकट लिहा.

गावभाग, सांगली

ताई, ड्रेसचं तुमचं बरोबर आहे, पण ब्लाउजचा हिशेब उलटा लागतो. पीस साडीतच येतो. अस्तर मीटरभर, हुक, रीळ धरून माझे शंभराच्या आत भागतात. बाहेर अस्तराच्या साध्या ब्लाउजला आमच्या भागात 350 ते 400 घेतात, मागचा गळा जरा वेगळा सांगितला की 600 च्या पुढं. लग्नसराईत तर वेळेवर मिळेल याचीही खात्री नसते.

शिवाय घरचा ब्लाउज टिकतो. मी अस्तर आधी रात्रभर पाण्यात ठेवते, वाळवून इस्त्री करते, मगच बेतते. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि ब्लाउज आतून ओढल्यासारखा दिसतो. बाजूच्या शिवणीत दीड-दीड इंच माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, ठेवते आणि शेजारी शेजारी तीन टिपा मारते. अंग सुटलं की बाहेरची एक टीप उसवायची, पाच मिनिटांचं काम. माझे बाळंतपणाआधीचे ब्लाउज आजही अंगात बसतात. तयार ब्लाउज उलटा करून बघा, आत जेमतेम अर्धा इंच असतो. हा फायदा पावतीत दिसत नाही, पण आमच्या घरात सगळ्यात जास्त पैसे इथंच वाचले आहेत.

कापड दुकान, सांगली

दुकानदाराची बाजू मांडतो. 2022 च्या मे महिन्यात कापसाची खंडी, म्हणजे 356 किलो, लाखाच्या वर गेली होती. सूत भडकलं, इचलकरंजीचं पॉपलीन, अस्तर, सगळं चढलं. पुढं कापूस खाली आला, पण मजुरी, वीज, रंगाई, वाहतूक काही खाली आली नाही. त्यामुळं कापडाचा चढलेला दर पूर्वीच्या जागी परत आला नाही.

दुसरं कारण कराचं. कापडावर 5 टक्के जीएसटी आधीही होता, आताही आहे. तयार कपड्यांना मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंत 5 टक्के झाला. त्याआधी हजाराच्या वरच्या कपड्याला 12 होता. म्हणजे तयार कपडा स्वस्त व्हायला वाव मिळाला, मीटरच्या कापडाला नाही. त्याच वेळी शिलाई मशीन आणि कृत्रिम धाग्याचं रीळ 12 वरून 5 वर आलं, हे मात्र तुमच्या फायद्याचं. रीळ घेताना छापील किंमत बघून घ्या.

आणि खरी मेख अशी की कारखाना तागेच्या तागे उचलतो, थरावर थर टाकून एकदम कापतो आणि मापं अशी बसवतो की चिंधी फार निघत नाही. तुम्ही अडीच मीटर किरकोळ दरानं घेता आणि त्यातलं पाव मीटर कोपऱ्याकोपऱ्यानं वाया जातं. म्हणून कापड घेताना दराआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 36 इंच पन्ह्याचं स्वस्त दिसतं, पण घेराच्या फ्रॉकला जोड द्यावा लागतो किंवा जास्त मीटर लागतात. 58 पन्ह्याचं महाग वाटलं तरी पुष्कळदा एकूण कमी पडतं.

विटा

टेलरिंग करतो. गिऱ्हाइकं म्हणतात शिलाई वाढवली. पँटच्या शिलाईत चेन, हुक, खिशाचं कापड, बकरम, काजं, दुकानाचं भाडं, कारागिराची मजुरी येते. कारागीरच मिळेना झालाय, पोरं या धंद्यात येत नाहीत. ज्यांना घरी काम वाढवायचंय त्यांच्यासाठी सांगतो: सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये मिळतात आणि साहित्यासाठी 15,000 चं व्हाउचर. आमच्या ओळखीतल्या एका भगिनीनं त्यातून मोटरवाली मशीन घेतली.

सांगलीवाडी

मशीनचा खर्च कुणी धरला नाही म्हणून लिहिते. ऑगस्ट 2019 च्या पुरात आमच्या घरात पाणी होतं आणि सासूबाईंची पायाची मशीन पूर्ण बुडाली. फळी फुगून फाटली, शटलमध्ये गाळ घट्ट बसलेला. दुरुस्तीवाल्या काकांनी हेड सुटं केलं, एकेक भाग रॉकेलनं धुऊन, तेल देऊन परत बसवला. फळी नवी, पट्टा नवा, बॉबीन केस नवी. तेव्हा नव्या मशीनच्या निम्म्यापेक्षा कमी पैशांत ती चालू झाली आणि अजून मांजरपाटापासून जीन्सच्या दुमडीपर्यंत सगळं ओढते. जुनी काळी मशीन घरात असेल तर भंगारात देऊ नका. आता 2021 पासून पाण्याची बातमी आली की पहिलं हेड काढून माळ्यावर ठेवतो.

दहिवडी, माण

आमच्याकडं वाकळंचं, म्हंजे गोधडीचं, सांगते. पूर्वी घरातली जुनी सुती लुगडी, धोतरं असायची, दोरा तेवढा विकत. आता लुगडी राहिली न्हाईत, साड्या सगळ्या सिंथेटिक. त्या घसरत्यात, थर एकसारखा बसत न्हाई, आधी कच्चा दोरा घालून सगळं धरून घ्यावं लागतं. वर सुती कापड विकत आणून घालावं लागतं. आई अजून शिवती, पण शेजारची एक वाकळ धरायची म्हंजे तिचे कितीतरी दिवस जातात आणि लोक ब्लँकेटचा भाव सांगून घासाघीस करत्यात. हाताच्या टाक्याला ब्लँकेटचा भाव लावू नका एवढंच म्हणणं हाय. वाकळीची ऊब आणि टिकाऊपणा बघा.

पलूस

आमच्या बचत गटाचा अनुभव. 2024-25 ला शासनानं एकसारखा गणवेश आणि तो शिवायचं काम महिला गटांना, असं ठरवलं. कापणी केलेलं कापड उशिरा आलं, मापं मुलांच्या अंगाला बसेनात, बिचारी पोरं पावसाळ्यात जुन्याच कपड्यांत शाळेत. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलं. दोन गणवेशांना सरकारी रक्कम 600 रुपये. एका जोडीला 300 मध्ये कापड, शिलाई, बटणं, चेन सगळं बसवायचं. बाया अंगावर घेऊन शिवतात, कारण पोरं गावचीच असतात. ही रक्कम वाढायला हवी.

कराड

मी कॉलेजला आहे, नवीन काही शिवत नाही. फक्त तयार घेतलेलं बसवते. कुर्ता बाजूनं आत घेणं, पँटची दुमड, बाही आखूड करणं. बाहेर प्रत्येक कामाला 50 ते 100 लागतात. मावशीकडून एवढंच शिकले आणि हॉस्टेलवरच्या मैत्रिणीही आता माझ्याकडे येतात.

शाहूपुरी, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. गावभागच्या ताईंची टीप लगेच उचलली, मुलीच्या टॉपलाही आता माया जास्त सोडणार. ड्रेससाठी दुकानदार दादांचं वाचून खणआळीत विचारलं: पूर्ण तागा उचलला तर मीटरमागे बराच फरक पडतो. एका घराला तागा संपणार नाही, पण चार-पाच जणींत वाटला तर सहज संपेल. शाहूपुरी, गोडोली, करंजे भागातल्या कुणी तयार असाल तर रंग आणि किती मीटर हवं ते इथंच लिहा. पांढरं पॉपलीन आणि अस्तर यांपासून सुरुवात करू, ते सगळ्यांनाच लागतं.