अशनी विकत घेताना आधी कागद पाहावा की दगड?

मूळ मांडणी : संग्राहक

आकाशात क्षणभर दिसणारी प्रकाशरेषा ती उल्का आणि जमिनीपर्यंत पोहोचलेला दगड तो अशनी. विक्रेते हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तेवढ्याने कुणी लबाड ठरत नाही, पण विक्रेत्याला विषयाची जाण किती आहे याचा थोडा अंदाज मात्र येतो.

माझे मत असे आहे की, नवख्या खरेदीदाराने घरगुती चाचण्यांच्या भरवशावर अशनी विकत घेऊ नये. त्याने आधी त्या दगडाचा इतिहास तपासावा. चुंबकाचेच पाहा. बहुतेक अशनींमध्ये लोह-निकेलचा मिश्रधातू असल्यामुळे चुंबक त्यांना चिकटते हे खरे. परंतु मॅग्नेटाइट या पृथ्वीवरच्या लोहखनिजालाही ते चिकटते, लोखंडाचे कण असलेल्या भट्टीच्या मळीलाही चिकटते, आणि चंद्रावरून किंवा मंगळावरून आलेल्या अस्सल अशनींना पुष्कळदा जेमतेम ओढ जाणवते. वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून जी काळी साल तयार होते, तिची जाडी सहसा एक मिलिमीटरच्या आतच असते. वाळवंटात हजारो वर्षे पडून राहिलेल्या दगडावर ती झिजून नाहीशी झालेली असू शकते, तर वाळवंटातल्या अगदी साध्या पृथ्वीवरच्या दगडावर तिच्यासारखाच दिसणारा गडद लेप चढलेला असतो. अशनीची खूण मानले जाणारे अंगठ्याने दाबल्यासारखे खळगेही वारा आणि वाळू मिळून कोरू शकतात.

या चाचण्या खोटा दगड बाजूला काढतात, पण खरा दगड खरा असल्याचे सिद्ध करत नाहीत. ते काम प्रयोगशाळेतील वर्गीकरणाचे आहे. मीटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची नामकरण समिती ज्या अशनीला मान्यता देते, त्याची नोंद सर्वांना पाहता येणाऱ्या सूचीत होते. त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संस्थेत कायमचा ठेवावा लागतो. म्हणून विक्रेत्याला अशनीचे अधिकृत नाव, वर्ग, ज्ञात एकूण वजन आणि त्याने स्वतः तो कुणाकडून घेतला, एवढे विचारावे. उत्तरे सूचीशी जुळत नसतील, तर दगड कितीही देखणा असला तरी परत ठेवावा.

प्रतिसाद १ : शिळावाचक (असहमत)

आपल्या मांडणीत एक मोठी फट आहे. सूचीतील नोंद संस्थेत ठेवलेल्या नमुन्याबद्दल असते, माझ्या तळहातावरच्या तुकड्याबद्दल नसते. वर्गीकरण झालेल्या एका दगडाचे नाव शेजारच्या दहा दगडांना चिकटवायला विक्रेत्याला फक्त दहा चिठ्ठ्या छापाव्या लागतात. आणि ज्याला प्रमाणपत्र म्हणतात, ते बहुतेक वेळा विक्रेत्यानेच स्वतःच्या मालाला दिलेले असते, हे खरेदीदाराला कुणी सांगत नाही.

इतिहास भरवशाचा असतो, असे म्हणणाऱ्यांनी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधील ‘चांद्रशिला’ आठवावी. १९६९ मध्ये नेदरलँड्सच्या माजी पंतप्रधानांना अमेरिकेच्या राजदूताने दिलेली ही वस्तू त्यांच्या मृत्यूनंतर संग्रहालयात आली. याहून भारदस्त पूर्वेतिहास कोणता असणार? २००९ मध्ये तपासणी झाली तेव्हा ते अश्मीभूत लाकूड निघाले. भूविज्ञानाच्या जाणकाराने भिंगातून एकदा पाहिले असते, तर इतकी वर्षे वाट पाहावी लागली नसती.

म्हणून माझा आग्रह उलटा आहे : दगड वाचायला शिका. पृष्ठभागापेक्षा कापलेला आणि पॉलिश केलेला भाग पाहा. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी शंभरातील पंचाऐंशीच्या आसपास कॉन्ड्राइट या पाषाण-अशनींच्या वर्गातले असतात. त्यांच्या छेदात मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान गोलिका, म्हणजे कॉन्ड्र्यूल, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेले चकचकीत धातूचे ठिपके दिसतात. पृथ्वीवरच्या कोणत्याही खडकात ही जोडी अशी आढळत नाही. याउलट, छेदात बुडबुड्यांची पोकळी दिसली तर बहुधा मळी किंवा ज्वालामुखीचा दगड समोर आहे, आणि गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, पांढरे कण दिसले तर विचार तिथेच थांबवावा.

लोह-अशनींत विडमॅनश्टेटन आकृती पाहावी. कमी निकेलचा कामासाइट आणि जास्त निकेलचा टेनाइट यांचे पट्टे एकमेकांत गुंफून ती तयार होते. दहा लाख वर्षांत काही अंशांपासून काही हजार अंशांपर्यंत, इतक्या संथपणे धातू थंड झाल्याखेरीज ती उमटत नाही. कोणत्याही भट्टीला एवढा वेळ मिळालेला नाही. नायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ती उठून दिसते. मात्र पोलादावर अशी आकृती कोरता येते, म्हणून कडा पाहाव्यात. अस्सल तुकड्यात पट्टे जाडीतून आरपार जातात आणि बाजूच्या पृष्ठावर वेगळ्या कोनात पुढे सुरू राहतात. मी एकदा एक सुरेख चकती घेतली होती. समोरच्या पृष्ठावर आकृती अगदी स्पष्ट होती, पण कड घासून आम्ल लावल्यावर तिथे काहीच उमटले नाही. सोबतच्या प्रमाणपत्रावर नाव, वजन आणि सोनेरी शिक्का हे सगळे होते. त्या दिवसापासून मी कागद शेवटी वाचतो.

प्रतिसाद २ : चुंबकसूची

संग्राहक यांनी चुंबकाचा उल्लेख निरुपद्रवी साधन म्हणून केला आहे, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. काही अशनी आपल्या उगमस्थानाच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद अब्जावधी वर्षे जपत आलेले असतात. निओडिमियमचे बळकट चुंबक एकदा टेकवले की ती नोंद पुसली जाते आणि पुन्हा मिळवता येत नाही. ‘ब्लॅक ब्यूटी’ या नावाने ओळखला जाणारा एनडब्ल्यूए ७०३४ (एनडब्ल्यूए म्हणजे ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’) हा मंगळाचा सुमारे ३२० ग्रॅमचा दगड जगभर गाजला. पण त्याच्या आणि त्याच्या जोडीच्या, म्हणजे त्याच अशनीपातातल्या, दगडांच्या तुकड्यांत अभ्यासकांना जी चुंबकीय नोंद सापडली, ती मंगळाची नसून शोधणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या हातातील चुंबकांची होती. चार अब्ज वर्षांहून जुने खनिजकण असलेल्या दगडाचे हे नुकसान मला आजही अस्वस्थ करते. दगड चुंबकाला प्रतिसाद देतो का, एवढेच पाहायचे असेल तर तो होकायंत्राजवळ नेऊन सुई हलते का ते पाहता येते. चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे दगड चुंबकीय क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते, मोजणारे हातातले उपकरणही मिळते.

घनता मोजण्यासाठी पाण्यात बुडवण्याचा सल्लाही विचार करून द्यावा. मोजमाप उपयोगी आहे यात शंका नाही. साध्या कॉन्ड्राइटची घनता दर घनसेंटीमीटरला ३.० ते ३.७ ग्रॅम असते, लोह-अशनीची ७ ते ८ आणि मॅग्नेटाइटची सुमारे ५.२. म्हणजे पाषाण-अशनी म्हणून दिलेला दगड फारच जड लागत असेल तर तो मॅग्नेटाइट असण्याची शक्यता मोठी. परंतु पाणी भेगांतून आत शिरते आणि धातूला गंज लागतो. संशोधक पाण्याऐवजी काचेचे अतिसूक्ष्म मणी वापरतात, ते याच काळजीपोटी.

प्रतिसाद ३ : तराजू (शिळावाचक यांच्याशी असहमत)

भिंगावर एवढा विश्वास ठेवण्यास माझी हरकत आहे. या शतकाच्या सुरुवातीला ‘शिरोकोव्स्की’ नावाचा माल पॅलासाइट, म्हणजे धातूत ऑलिव्हिन या हिरवट खनिजाचे स्फटिक जडलेला दुर्मीळ अशनी, म्हणून संग्राहकांपर्यंत पोहोचला. धातू होता, ऑलिव्हिन होते, डोळ्यांना पटेल असे रूप होते. प्रयोगशाळेतील तपासणीनंतरच तो अशनी नसल्याचे ठरले.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. १८६४ मध्ये फ्रान्समध्ये ओर्गेय येथे पडलेल्या अशनीचा एक तुकडा जवळजवळ शंभर वर्षे बंद बरणीत होता. १९६० च्या दशकात तो तपासला तेव्हा कुणीतरी पूर्वीच त्यात वनस्पतीच्या बिया आणि कोळशाचे कण खुपसून, वर डिंकाची नकली साल चढवल्याचे उघड झाले. तुकडा अस्सल होता, साल नकली होती आणि आतला ऐवज परका होता. आपण सांगता तसा ‘दगड वाचणारा’ खरेदीदार इथे काय वाचणार होता?

निकेलचेही तसेच आहे. लोह-अशनीत निकेल साधारण पाच टक्के किंवा त्याहून अधिक असते, म्हणून निकेल सापडताच अनेकजण निर्धास्त होतात. पण नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्येही सुमारे आठ टक्के निकेल असते. क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा मिळाला तर त्यात क्रोमियमची ओळ आवर्जून वाचावी. ते अठरा टक्क्यांच्या घरात असेल तर तो तुकडा कारखान्यातून आलेला आहे. उलट बाजूने, आकृती नाही म्हणून दगड नाकारणेही चूक आहे. नामिबियातील होबा हा सुमारे ६० टनांचा, ज्ञात अशनींपैकी सर्वांत मोठा अखंड अशनी. त्याच्या छेदावर विडमॅनश्टेटन आकृती दिसत नाही, कारण इतक्या जास्त निकेलच्या धातूत रुंद पट्टे वाढतच नाहीत.

उपप्रतिसाद : संग्राहक

राइक्सम्यूझियमचे उदाहरण मला मान्य आहे, आणि चुंबकाबद्दलची सूचना मी स्वतः आजवर पाळली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तरी कागद सोडावा असे मला वाटत नाही. त्याला दगडासमोर साक्षीला उभे करावे. सूचीतील वर्ग हे एक भाकीत असते आणि ते तुकड्यावर पडताळता येते. चिठ्ठीवर ‘एल ६’, म्हणजे साध्या कॉन्ड्राइटच्या ‘एल’ गटातला, उष्णतेने खूप बदललेला दगड, असे लिहिले असेल तर गोलिका उष्णतेने पुसट झालेल्या असायला हव्यात. त्याच चकतीत रेखीव कडांच्या, ठसठशीत गोलिका दिसत असतील तर नाव दुसऱ्याच दगडाचे आहे. साध्या कॉन्ड्राइटच्याच ‘एलएल’ गटात धातू फार कमी असतो आणि ‘एच’ गटात भरपूर, त्यामुळे ‘एलएल’ म्हणून विकलेला छेद धातूच्या ठिपक्यांनी भरलेला असेल तर प्रश्न विचारलाच पाहिजे. एकूण वजनाचा आकडाही असाच कामी येतो : नोंदीत काही शे ग्रॅम असलेल्या अशनीचे मोठाले तुकडे विक्रेत्याकडे सतत येत राहिले, तर हिशेब कुठेतरी चुकतो आहे.

चंद्र आणि मंगळ यांच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. तिथे खनिजांतील लोह-मँगनीज प्रमाण आणि ऑक्सिजनची समस्थानिके मोजावी लागतात, आणि ते भिंगाचे काम नाही. हाच दगड वर्गीकृत केला होता, असे प्रयोगशाळेशी जोडणारे लेखी उत्तर मिळत नसेल तर असा तुकडा घेऊ नये.

उपप्रतिसाद : शिळावाचक

चिठ्ठी आणि छेद समोरासमोर ठेवण्याची आपली रीत मला पटली, आणि ‘तराजू’ यांनी क्रोमियमबद्दल सांगितले ते मी लक्षात ठेवीन. माझा विरोध आता एका मुद्द्यापुरता उरतो. वायव्य आफ्रिकेतून येणाऱ्या असंख्य साध्या कॉन्ड्राइटचे वर्गीकरण कधीच होणार नाही, कारण प्रयोगशाळांकडे तेवढा वेळ नाही. कागद नसलेला असा दगड ‘अवर्गीकृत’ म्हणून प्रामाणिकपणे विकला जात असेल आणि विक्रेता त्याच्या एका कोपऱ्यावर नखाएवढी खिडकी घासून आतल्या गोलिका आणि धातू दाखवायला तयार असेल, तर तो घ्यायला मी कचरणार नाही. खिडकी उघडायला जो नकार देतो, पण प्रमाणपत्र मात्र आधीच पुढे करतो, त्याच्याकडून मी काहीही घेत नाही.

उपप्रतिसाद : संग्राहक

अवर्गीकृत साध्या कॉन्ड्राइटपुरते मान्य. फक्त खोटा निघाल्यास माल परत घेण्याची अट, मुदतीसह, पैसे देण्याआधी लिहून घ्यावी. आणि ती खिडकी कोरडी घासावी, पाणी वापरू नये.