मदत हवी आहे : जॅक्सन हाइट्समध्ये काय आधी, काय नंतर?

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला सहा जणांना घेऊन जायचंय, दोघं कट्टर शाकाहारी. सात नंबरच्या ट्रेननं ७४ स्ट्रीट-ब्रॉडवेला उतरून डायव्हर्सिटी प्लाझा या चौकापासून सुरुवात, इतकं पक्कं आहे. अडतंय ते खाण्याच्या क्रमावर.

फुचका (बंगाली पाणीपुरी) पहिला, कारण तो हातगाडीपाशीच खावा लागतो. बटाटा-वाटाण्याचं सारण भरलं की पुरी भराभर नरमते, म्हणून चिंचेचं पाणी वेगळंच मागायचं. वरून उकडलेलं अंडं किसून घालतात. शाकाहाऱ्यांनी पुऱ्या फोडायच्या आधीच नको म्हणून सांगावं, एकदा किस पडला की प्लेट गेलीच. सहा जणांत दोन प्लेट पुरे. झालमुरीतही (बंगाली भेळ) तसंच: मोहरीचं तेल, काकडी, टोमॅटो पडले की मुरमुरे लगेच सादळतात. ती पार्सल नेण्यात काही अर्थ नाही.

मग मोमो. मांसाचे असतील तर कडेला छोटा चावा घेऊन आधी रस ओढायचा, नाहीतर शर्टाची वाट. लाफिंग (मुगाच्या स्टार्चच्या थंड, लसूण-मिरचीच्या निसरड्या नूडल्स) मोमोंनंतर घ्यावी की आधी? माझं मत नंतर. त्या तिखटानं जीभ बधिर झाली की मोमोंची चव लागत नाही.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. व्हेज मोमो वेगळ्या भांड्यात वाफवणारी जागा कोणती? आणि फुचक्याच्या गाड्यांवर गर्दी कमी कधी असते, दुपारी की रात्री?