लग्नघरातले दिवस: केळवणापासून पहिल्या संक्रांतीपर्यंत

गेल्या मार्गशीर्षात आमच्या मुलीचे लग्न झाले. छायाचित्रांचा अल्बम आल्यावर आम्ही सर्वांनी तो मिळून पाहिला. अंतरपाट दूर झाला तो क्षण, लाजाहोम, सप्तपदी, विहिणींची पंगत, सगळे त्यात नीट आले आहे. त्या आठवड्यातले मला सर्वांत आधी जे आठवते ते मात्र त्यात नाही. लग्नाच्या चार दिवस आधी, रात्रीची जेवणे उरकल्यावर, आम्ही जावा आणि शेजारच्या काकू अक्षता करायला बसलो होतो. परातीत पाच किलो तांदूळ होते आणि मी तुपाच्या हाताने त्यांना कुंकू चोळत होते, पण रंग एकसारखा बसेना. थोरल्या जाऊबाईंनी न बोलता परात स्वतःकडे ओढली आणि दोन्ही तळव्यांत थोडे थोडे तांदूळ घेऊन, जणू लोकर सोडवावी इतक्या हलक्या हाताने त्या ते चोळत राहिल्या. नंतर वर्तमानपत्रांवर अक्षता पसरल्या, त्या उडू नयेत म्हणून पंखा बंद केला, आणि त्या उकाड्यात आम्ही एक वाजेपर्यंत बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत माझे लाल तळवे पाहून शिपाईकाकांनी विचारले, "घरी कार्य आहे वाटते?" त्या प्रश्नाने मला जो आनंद झाला, तो मी अजून जपून ठेवला आहे.

विधी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या मधल्या वेळेत आपल्या घरी जे घडले, ते येथे लिहावे अशी विनंती आहे. नावे नकोत, गाव आणि लग्नाचे साल पुरे.

सांगली, १९८६

आमच्याकडे चुडा भरायला कासार घरी येत. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ओसरीवर सतरंजी घातली, आजीने कासारकाकांना पाणी दिले, त्यांच्यापुढे सुपारी आणि नारळ ठेवला, आणि मग माझा हात त्यांच्या हाती गेला. ते अंगठ्याच्या बुडाशी असे काही दाबत की हाताचा पंजा मिटल्यासारखा अरुंद होई. दाबता दाबता ते मला कॉलेजातल्या विषयांची नावे विचारत होते आणि मी अर्थशास्त्र म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर पोहोचलेली असे. शेवटी त्यांनी आपल्याकडून प्रत्येक हातात एक बांगडी अधिक भरली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. माझ्या नंतर आत्या, काकू, मामी, पाणी भरायला येणाऱ्या मावशी, अशी घरातली प्रत्येक बाई हिरव्या बांगड्या भरून उठली.

त्या रात्री मी कूस बदलली की हात वाजत. शेजारच्या अंथरुणावर आई होती. ती दर वेळी "झोप आता" म्हणे, म्हणजे तीही जागीच होती. पहाटे मोरीत एक बांगडी फुटली आणि मी घाबरून तसे सांगितले, तेव्हा आजी म्हणाली, "फुटली म्हणू नये बाळ, वाढवली म्हणावे." त्यानंतर आजपर्यंत मी दुसरा शब्द वापरलेला नाही.

पुणे, २०१२

तुळशीची लग्ने झाली की मुहूर्त सुरू होतात, आणि त्यांच्या आगेमागे केळवणे. मला एकंदर अकरा केळवणे झाली. त्यांतले एकच मी येथे लिहितो. आईच्या शाळेतल्या बाई सदाशिव पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या आणि त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी दूरध्वनी करून फक्त मला विचारले की तुला मनापासून काय आवडते, आणि मी खरे ते सांगितले: चिंचगुळाची आमटी, भात आणि बटाट्याची काचऱ्यांची भाजी. पक्वान्न त्यांनी केलेच नव्हते. गुडघ्यांमुळे खाली बसवत नसल्याने त्यांनी जेवणाच्या टेबलावरच ताटाभोवती महिरप काढली होती, हात थरथरल्यामुळे जिचे ठिपके जागोजाग दुहेरी उमटले होते. निघताना त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लग्नाची तारीख माझ्याच हाताने लिहून घेतली.

जळगाव, २००३

आमच्या भागात लग्नाचे जेवण म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. ताईच्या लग्नाच्या आदल्या रात्री गल्लीतले लोक आपापली विळी घेऊन आले, कारण शंभर किलोंच्या वर वांगी चिरायची असली की घरातल्या चार विळ्यांनी भागत नाही. पुरुष आणि बाया समोरासमोर बसले, मध्ये पाण्याची पातेली, आणि चिरलेली फोड काळी पडू नये म्हणून प्रत्येकाचा हात विळीवरून थेट पाण्याकडे जात होता. पलीकडे बट्टीचे काम चालले होते. गव्हाच्या जाडसर पिठात थोडे मक्याचे पीठ, जिरे, ओवा आणि हळद घालून घट्ट मळायचे, त्याचे लांबट गोळे वाफवायचे, ते गार झाल्यावर कापायचे आणि मग तळायचे. ही कापण्याची पायरी मला, नवरीच्या धाकट्या भावाला, दिली होती, आणि मी ती परीक्षेला बसल्यासारखी केली. भाजी घोटायला दोन माणसे लाकडी दांडे घेऊन चुलीपाशी उभी होती. वांगी गळून एकजीव होईपर्यंत हात थांबवायचा नाही, असा नियम असतो, म्हणून माणसे बदलत, दांडा थांबत नसे.

पहाटे तीनच्या सुमारास आचाऱ्यांनी मला बोलावले, तुटलेल्या बट्ट्या द्रोणात कुस्करल्या, त्यांवर उकळते वरण आणि तूप घातले आणि चव सांग म्हणाले. मी पहिला घास घेतला तोच मागून ताई आली. तिच्या अंगाला हळदीचा वास होता, कपाळावर केसांच्या मुळाशी पिवळे कण सुकले होते. तिलाही झोप नव्हती. आम्ही दोघे मांडवाच्या खांबाला टेकून एकाच द्रोणातून जेवलो. "मीठ बरोबर आहे ना?" एवढेच ती बोलली. सकाळी पंगतीत हजारावर माणसे जेवली आणि सगळ्यांनी भाजीची वाहवा केली. मला मात्र त्या द्रोणाशिवाय दुसरे जेवण आठवत नाही.

अश्दोद, इस्राएल, २००९

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज अलिबागच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. मी मुंबईत वाढले आणि १९७०च्या दशकात इकडे आले. माझ्या मुलीच्या मेंदीच्या दिवशी आम्ही एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा, आणि ताटाभोवती फळे, असे त्याचे रूप असते. प्रार्थना हिब्रूत झाली, पण स्वयंपाकघरात माझ्या बहिणी आणि मी मराठीवरच होतो, कारण "पोहे फार भिजले, निथळू दे" हे मला अजून दुसऱ्या भाषेत सुचत नाही. जावयाचे कुटुंब मोरोक्कोतून आलेले. त्यांच्याकडेही लग्नाआधी मेंदी असते, हे विहीणबाईंनी वाटीतली मेंदी बोटाने तपासून पाहिली तेव्हा माझ्या खऱ्या अर्थाने लक्षात आले. त्यांना ती पातळ वाटली. त्यांनी माझ्या हातातून चमचा घेतला, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघी एकाच वाटीवर वाकून होतो. आजही भेटलो की त्या माझा तळवा उलटा करून पाहतात.

ठाणे, १९९४

आमचा विवाह १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावे लागते. ते तीस दिवस आमच्या लग्नाचा सर्वांत सुंदर काळ होते, असे आम्ही दोघेही मानतो. केळवणे नव्हती, खरेदीला कोणी सोबत नव्हते, म्हणून रोज संध्याकाळी स्थानकाजवळ भेटून आम्ही एकेक वस्तू घेत असू: एक दिवस कुकर, एक दिवस पोळपाट-लाटणे, एक दिवस मिसळणाचा डबा. त्या दिवशीची वस्तू वहीत लिहून तिच्यापुढे किंमत मांडायची, असा क्रम होता. सही करायला तीन साक्षीदार लागतात. आमच्या साक्षीदारांत ज्यांनी आम्हांला भाड्याची खोली दिली ते आजोबाही होते. ते धुतलेले धोतर नेसून आमच्याआधी येऊन बसले होते. घरी आल्यावर आजींनी चौकटीत तांदळाचे माप ठेवलेले होते. आमच्यासाठी कोणी माप ठेवील, हे आमच्या मनातही नव्हते.

रत्नागिरी, १९७९

मी अकरा वर्षांची असताना थोरल्या बहिणीची पाठराखीण म्हणून तिच्या सासरी गेले. मला कामे काहीच नव्हती. बहीण पदर सावरत स्वयंपाकघरात वावरे आणि मी दाराशी बसून असे, म्हणजे मान वळवली की तिला माहेरचे कोणीतरी दिसावे. रात्री तिच्या शेजारी झोपताना ती मला हलक्या आवाजात विचारी, "आज मी कोणाशी कसे बोलले, माझे काही चुकले का?" चौथ्या दिवशी बाबा न्यायला आले, तेव्हा तिने माझ्या वेणीला तिच्या गजऱ्यातली अबोली माळून दिली. एस.टी.त मी खिडकीशी बसले नाही. फुले वाऱ्याने पडतील अशी मला भीती होती.

इंदूर, १९९८

लग्नानंतरची पहिली संक्रांत आली आणि सासूबाईंनी हलवा घरीच करायचा ठरवला. इंदुरात डिसेंबरअखेरची थंडी कोरडी असते आणि काटा फुलायला तीच लागते, असे त्या म्हणत. परात मंद शेगडीवर ठेवायची, तिच्यात तीळ घ्यायचे, आणि साखरेचा पाक चमच्याने अगदी थेंबाथेंबाने सोडत बोटांनी ते सतत फिरवत राहायचे. पाक जास्त पडला की दाणे चिकटतात, शेगडी तापली की साखर पिवळी पडते. पहिल्या दिवशी दाण्यांवर नुसती पांढरी धूळ दिसली, दुसऱ्या दिवशी ते गोल झाले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी एक दाणा माझ्या तळव्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. त्याच्या सर्वांगावर बारीक टोके उभी राहिली होती. तोवर आमच्यात कामापुरतेच बोलणे होई. त्या तीन दिवसांत, बोटे गुंतलेली आणि तोंडे मोकळी असल्यामुळे, मला त्यांच्या पहिल्या संक्रांतीची, त्यांच्या सासूबाईंची आणि वाड्यातल्या थंडीची सगळी हकिगत कळली.

त्या हलव्याची बिंदी, तन्मणी, बांगड्या आणि कानातली आम्ही दोघींनी ओवली. काळी चंद्रकळा नेसून मी हळदीकुंकवाला बसले, सगळ्यांनी कौतुक केले. रात्री दागिने उतरवताना सासूबाईंनी एका कानातल्याचे दाणे दोऱ्यातून काढले, अर्धे मला दिले, अर्धे आपल्या तोंडात टाकले, आणि क्षणभर डोळे मिटून म्हणाल्या, "काटा छान आला आहे."