१८-५५ मिमी लेन्सवर वाइड-मॅक्रो जोडभिंग घ्यावे का?

प्रश्न: ०.४५ पटीचे वाइड-अँगल जोडभिंग (लेन्सच्या पुढे लावायचे, जास्त रुंद दृश्य टिपणारे भिंग), ज्याचा मागचा भाग सुटा करून मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून छायाचित्र घेण्यासाठी, वापरता येतो, ते कासच्या फुलांसाठी घ्यावे का?

उत्तर: वाइडसाठी मुळीच घेऊ नये, कारण कडा धूसर होतात आणि कोपरे काळवंडतात. मॅक्रोचा भाग मात्र साध्या बहिर्वक्र भिंगासारखा चालतो. +४ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे एकक) भिंग लावून लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर २५ सेंमीवरील वस्तू स्पष्ट येते.

दुसरे उत्तर: दवबिंदू (ड्रॉसेरा) या कीटकभक्षी वनस्पतीसारख्या इवल्या वनस्पतीसाठी ५० मिमी लेन्समागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावावी. प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकाराची मिळते, आणि ट्यूबमध्ये काच नसल्याने जादा दोष शिरत नाही. फक्त प्रकाश घटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ट्यूबच घेतो.