शब्दचर्चा : गाडी ‘कलते’, ‘झुकते’ की ‘कलंडते’?

प्रश्न : जड टूरिंग मोटरसायकलींबद्दलच्या मराठी मजकुरात ‘लीन अँगल’ आणि ‘कॉर्नरिंग क्लिअरन्स’ या दोन्हींसाठी ‘झुकाव कोन’ लिहिलेलं दिसतं. हे बरोबर आहे का? आणि ‘कलंडणे’ चालेल का?

प्रतिसाद 1 : ‘कलंडणे’ मुळीच नको. भांडं कलंडतं, बैलगाडी कलंडते. तिथे तोल गेलेला असतो. वळणावर मोटरसायकल तोल राखण्यासाठीच कलते. दिवस कलतो, पारडं कलतं, तेच क्रियापद इथे नेमकं बसतं. ‘झुकणे’ चालकासाठी ठेवा, कारण ते तो मुद्दाम करतो. ही वाटणी कामाचीही आहे : चालक वरच्या अंगाने आत झुकला, तर त्याच वेगाला गाडी कमी कलवावी लागते.

प्रतिसाद 2 : दोन्ही कोन वेगळे आहेत, त्यांना एकच शब्द देणं धोक्याचं. कल, म्हणजे लीन अँगल, ठरतो वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून. 50 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी 60 किमीला साधारण 30 अंश, 65 ला जवळपास 34. टायर रुंद असेल तर आणखी काही अंश. दुसरा कोन, म्हणजे कॉर्नरिंग क्लिअरन्स, गाडीच्या बांधणीचा : किती कलल्यावर तिचा पहिला भाग रस्त्याला लागतो. हार्ले-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्यांत तो तिशीच्या आसपासच असतो. म्हणजे पाच किमीच्या फरकात फूटबोर्ड (पाय ठेवायची फळी) रस्त्याला लागतो. या दुसऱ्याला मी ‘घासकोन’ म्हणेन.

प्रतिसाद 3 : ‘घासकोन’ पटला. पण ‘घासणे’ आणि ‘टेकणे’ही वेगळे ठेवा. फूटबोर्ड बिजागरीवर वर दुमडतो. फूटपेगखालचा (पाय ठेवायच्या खुंटीखालचा) लांब बोल्ट आधी खरखरतो. हे भाग घासतात, भार घेत नाहीत. ती सूचना असते. क्रॅश गार्ड, मेन स्टँड, सायलेन्सर, फ्रेम दुमडत नाहीत. त्यांच्यावर गाडी रेलली की मागच्या टायरवरचा भार हलका होतो आणि तो बाहेर सरकतो. पाठ टेकणे, गुडघे टेकणे यांत भार टाकण्याचा अर्थ आहेच, म्हणून इथे ‘गाडी टेकली’ म्हणावं.

प्रतिसाद 2 : मान्य, फरक फार महत्त्वाचा आहे. आणखी एक, घासकोन कायम एकच राहत नाही. 30 अंश कललं की सस्पेन्शनवर सुमारे 1.15 पट भार येतो, ते दबतं. वळणात खोलगा आला की आणखी. मागे जोडीदार आणि भरलेल्या पेट्या असतील तर आधीच दोन-तीन अंश गेलेले असू शकतात. म्हणून प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवायचा. मागचं चाक अधांतरी ठेवून अॅक्सलपासून वर सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत अंतर मोजा. मग दोघं बसून, सामानासकट पुन्हा मोजा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर प्रीलोड कमी पडतोय. सीट खाली यावी म्हणून आखूड शॉक बसवले की घासकोन तिथेच घटतो. घासल्याचा आवाज आला म्हणून दचकून थ्रॉटल बंद करू नका. चेनऐवजी शाफ्टने (फिरत्या दांड्याने) मागचं चाक चालवणाऱ्या जुन्या गाड्यांत त्याने मागची बाजू खाली बसते (बीएमडब्ल्यूची पॅरालिव्हर ही मागच्या चाकाची जोडणी हाच परिणाम कमी करायला आली). थ्रॉटल स्थिर ठेवून अंग आत न्यायचं.

प्रतिसाद 1 : मग व्याख्येत कोन कशापासून मोजायचा तेही लिहायला हवं. कल उभ्या रेषेपासून, घासकोन रस्त्याच्या पृष्ठभागाला काढलेल्या लंबापासून. आपण डावीकडून चालतो आणि रस्ता मधोमध फुगीर असतो. त्यामुळे उजव्या वळणावर, बाहेरची कड उचललेली नसेल तर, आपली लेन वळणाच्या बाहेर उतरते. 3 टक्के उतार म्हणजे कलायला पावणेदोन अंश कमी मिळतात. तोच उतार डाव्या वळणावर तेवढाच फायदा देतो.