अमेरिकेत सप्टेंबरपासूनच ख्रिसमस: खरेदी केव्हा करावी, झाड केव्हा लावावं?

वसई_ते_जर्सी
न्यू जर्सीत शाळा सुरू होऊन पंधरवडा होत नाही तोच दुकानांत कृत्रिम झाडं आणि दिव्यांच्या माळा मांडल्या आहेत. ऑक्टोबरात 'लवकर या, स्वस्तात घ्या' हेही येईलच. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

दुकानं एवढी घाई का करतात? आत्ता घेतलं तर खरंच स्वस्त पडतं का? यादीत एक टॅब्लेट, खेळणी, थोडी सजावट आणि झाड आहे. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आम्ही कॅथलिक आहोत, घरात आगमनकाळ, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे तयारीचे आठवडे, नीट पाळायची इच्छा आहे, पण मुलं आत्तापासूनच झाडासाठी मागे लागली आहेत. तोवर त्यांना काय करायला द्यावं?

गोदामवाला
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. घाई सप्टेंबरात दिसते, पण व्यवहार केव्हाच होऊन गेलेला असतो. सजावटीचा बराच माल चीनमधून येतो, त्यातला मोठा वाटा यीवू शहरातल्या घाऊक बाजाराचा. ऑर्डरी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जातात, कंटेनर उन्हाळ्यात सुटतात. समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्याला दोन-तीन आठवडे लागतात, तुमच्या पूर्व किनाऱ्याला महिना किंवा त्याहून जास्त. बंदरात अडकला तर सगळा हंगाम जातो, म्हणून प्रत्येक जण आधीच मागवतो. आलेला माल गोदामात ठेवला तर भाडं चढतं, मांडला तर चार नग खपतात. दुकानात हंगामी मालाची जागाही ठरलेली असते. वह्या-दप्तरं उठली की ती मोकळी होते, मग अर्धी हॅलोविनला आणि अर्धी ख्रिसमसला.

हा माल नाशवंत आहे असंच धरा. २६ डिसेंबरला त्याची किंमत निम्मी होते. त्यामुळे पूर्ण भावाने विकायला जितके जास्त आठवडे मिळतील तितके दुकानाला हवेच असतात. म्हणजे सप्टेंबरातली मांडणी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नसते, ती वर्षातल्या सर्वांत चढ्या भावाची असते. हस्तकलेच्या दुकानांत जून-जुलैत ख्रिसमस दिसतो ते मात्र रास्त आहे. हाताने विणणाऱ्या-शिवणाऱ्यांना तेवढा वेळ लागतोच.

ही ओढाताण जुनी आहे. थँक्सगिव्हिंग हा इथला आभाराचा सण तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि तो ३० तारखेला पडणार होता. तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या आधी ख्रिसमसची जाहिरात करणं व्यापाऱ्यांत गैर मानलं जाई, त्यामुळे हंगाम आखूड होण्याची भीती होती. व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला आणला. राज्यांत फूट पडली, काहींनी नवी तारीख पाळली, काहींनी जुनी. शेवटी १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. म्हणून आज थँक्सगिव्हिंग २२ ते २८ नोव्हेंबरच्या मध्ये येतं आणि तिथून ख्रिसमसपर्यंत ३३ ते २७ दिवस मिळतात. हे अंतर कमी असलेल्या वर्षी जाहिराती आणखी आधी सुरू होतात. जाहिरातीचा तो जुना संकेत तर कधीच मोडला. २०२० मध्ये कोविडमुळे अमेझॉनचा प्राइम डे हा मोठा सेल ऑक्टोबरात गेला, आणि २०२२ पासून ऑक्टोबरात वेगळा सेलच होऊ लागला.

पावती_जपा
भावाचं सांगतो, कारण लोक इथेच फसतात.

खोडलेल्या किमतीवर विश्वास ठेवू नका. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'आधीची किंमत' म्हणून दाखवलेला भाव पुरेसा काळ, नेहमीच्या व्यवहारात खरोखर लावलेला असायला हवा. पण तपासणी फार क्वचित होते. युरोपीय संघात २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव दाखवावा लागतो. अमेरिकेत असा देशव्यापी नियम नाही, म्हणून ते काम आपणच करायचं. कीपा किंवा कॅमलकॅमलकॅमल या अमेझॉनवरच्या जुन्या किमती दाखवणाऱ्या साइटवर त्या वस्तूचा वर्षभराचा आलेख उघडा. मॉडेल क्रमांक पूर्ण जुळवा. सेलसाठी कमी मेमरीचं किंवा मागच्या पिढीचं मॉडेल पुढे केलेलं असतं आणि नाव मात्र जवळपास तेच असतं.

लवकर खरेदीचा खरा तोटा भावात नाही, मुदतींत आहे. टॅब्लेट सप्टेंबरात घेतलात आणि पेटी उघडली २५ डिसेंबरला. परत करायची मुदत इलेक्ट्रॉनिक वस्तूंना अनेक ठिकाणी १५ ते ३० दिवसांचीच असते, ती कधीच संपलेली. वर्षाची वॉरंटीही खरेदीच्या तारखेपासून मोजतात, त्यातले तीन महिने पेटीतच गेले. पडद्यावर डाग निघाला तर दुकान हात वर करतं आणि तुम्ही कंपनीच्या रांगेत. बरीच मोठी दुकानं सणाच्या खरेदीला जानेवारीपर्यंत मुदत वाढवून देतात, पण ती कोणत्या तारखेनंतरच्या खरेदीला लागू आहे हे प्रत्येकाचं वेगळं. ती तारीख वाचा आणि टॅब्लेट तिच्यानंतरच घ्या. आणला की पेटी उघडून, चार्ज करून, सुरू करून बघा आणि पुन्हा बांधा. भेट द्यायची म्हणून सीलबंदच ठेवायचा हट्ट नको.

खेळण्यांचं थोडं वेगळं. एखादं ठरावीक खेळणंच हवं असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊन टाका, डिसेंबरात ते मिळेलच असं नाही. कोणतंही चालणार असेल तर थांबा. घेतल्यावर भाव उतरला तर काही दुकानं १४ दिवसांच्या आत फरक परत देतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. सजावट आणि वेष्टणाचा कागद या हंगामात घेऊच नका. २६ डिसेंबरला तेच अर्ध्या भावात मिळतं, आठवड्याभराने त्याहून खाली.

एक धोका वेगळा सांगायला हवा. काउंटरवर दुकानाचं क्रेडिट कार्ड देतात, '१२ महिन्यांत पूर्ण फेडलं तर व्याज नाही'. पूर्ण फेडलं तर, हे शब्द महत्त्वाचे. मुदतीला २० डॉलर जरी बाकी राहिले तरी खरेदीच्या दिवसापासूनचं सगळं व्याज लागू शकतं. घ्यायचंच असेल तर रक्कम ११ ने भागा (एक महिना हाताशी राहतो) आणि तेवढा हप्ता आपोआप जाईल असं लावून टाका.

वसई_ते_जर्सी
मनापासून आभार. वॉरंटीचा मुद्दा लक्षातच आला नसता. आता तिसऱ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

मेणबत्ती_चार
सांगते. मुलांना 'अजून वेळ आहे' एवढंच म्हटलं तर ती ऐकत नाहीत, दर आठवड्याला हातात काही काम हवं. चर्चची दिनदर्शिका ते देतेच.

आगमनकाळ ख्रिसमसच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मधला रविवार. हिरव्या फांद्यांचं कडं करा, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन असं पेटवत जायचं. गुलाबी तिसऱ्या रविवारची. फांद्या खऱ्या असतील तर आठवड्यात वाळतात, तेव्हा दर रविवारी बदला आणि पेटती मेणबत्ती एकटी सोडू नका. मुलांना मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) लक्ष देऊन ऐकायला सांगा, आगमनकाळाच्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. तो ख्रिसमसच्या रात्री परत येतो, आणि चार आठवडे ऐकला नसला की मुलांनाही त्याचा आनंद कळतो.

येशूजन्माचा गोठा मुलांकडूनच टप्प्याटप्प्याने उभा करून घ्या. आधी गवत आणि जनावरं, मग मेंढपाळ, मरिया आणि योसेफ. गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी, बाळ येशू तेव्हाच ठेवायचा. तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवा, ते ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, पोचतात. हेही सांगा की सण २५ ला सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतो. दुकानं २६ ला सगळं उतरवतात म्हणून घरातलं उतरवायचं कारण नाही. काही भेटी ६ जानेवारीसाठी राखून ठेवल्या तर २५ चा ढीगही कमी होतो.

ऑक्टोबरातच करण्यासारखं एकच काम आहे, केकची फळं भिजवणं. ५०० ग्रॅम सुकी फळं (काळे-पिवळे मनुके, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल), बारीक चिरून, २५० मिली रम. बरणी काचेची आणि कोरडी ठक्क, दर आठवड्याला कोरड्या चमच्याने हलवा. ताजी फळं घातलीत तर आंबतील. काजू-अक्रोड भिजवू नका, मऊ पडतात, ते केक करायच्या दिवशीच घाला.

गोदामवाला
झाडाचं राहिलं होतं. खरं झाड घरात चार-पाच आठवडेच टिकतं, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या आधी आणू नका. तुम्हाला ६ जानेवारीच्या पुढे ठेवायचं असेल तर १० डिसेंबरनंतरच आणा. फांदी हातातून ओढून बघा, हिरव्या सुया झडल्या तर ते झाड नको. विक्रेत्याकडून बुंध्याची दीड-दोन सेंटीमीटरची चकती सरळ कापून घ्या आणि घरी आणल्यावर लगेच पाण्यात उभं करा. उशीर झाला तर चीक कापावर वाळतो आणि झाड पाणी ओढत नाही. बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचाला सुमारे एक लिटर पाणी मावेल असा स्टँड हवा, म्हणजे ४ इंचांच्या बुंध्याला ४ लिटर. बसत नाही म्हणून बुंध्याची साल तासू नका, पाणी चढतं ते सालीलगतच्या थरातूनच. पहिल्या दिवशी दोन-तीनदा भरावं लागेल, पुढे रोज बघा. पातळी कापाच्या खाली गेली की पुन्हा चीक धरतो. हीटर आणि फायरप्लेसपासून लांब ठेवा, झोपताना दिवे बंद करा. सुया ठिसूळ होऊन झडू लागल्या तर तारखेची वाट न बघता झाड बाहेर काढा, वाळलेलं झाड पेट घेतं.